धुराड्याच्या पूर्वेला

खामगाव,
१२ जानेवारी २०२५

प्रिय दादास,

सप्रेम जयभीम. वहिनी बरी आहे ना? संघर्षची दहावीची परीक्षा जवळ आली असेल, त्याला म्हणावं आत्या रोज आठवण काढते. इकडे थंडी चांगली पडली आहे. तुरीच्या शेंगा भरल्या, त्यामुळे आठवडाभर घरात सोल्यांची आमटी चालू आहे आणि अजून कोणी तोंड वाकडं केलेलं नाही.

तू म्हणशील, माया फोन सोडून कागदावर कशी आली? फोनवर मी बाबांचं नाव काढलं की तुझ्या दाराची बेल वाजते आणि तू फोन ठेवतोस. दरवेळी वाजते. कागदाला बेल नसते.

तर बातमी. आपली मिल सुरू झाली! म्हणजे मिल नाही रे, मिलच्या जागेवर कंपनी आली. बॅटरीच्या स्कूटरमध्ये रंगीत वायरींचे जुडगे असतात, ते इथे बांधणार. आई जिथे सरकी काढायच्या रेच्यावर कापूस टाकायची ते शेड पाडलं. तिथे निळ्या पत्र्याचं नवं उभं राहिलं, आत फरशी अशी की पाय ठेवायला भीती वाटावी. बॉयलर-हाउसही गेलं. धुराडं तेवढं ठेवलं आहे आणि त्यावर घारी बसतात.

गावात दुसरा विषय नाही. मिलच्या फाटकासमोर रंगरावचं चहाचं हॉटेल आहे ना, तिथे सकाळपासून सभा भरते. तुमच्या युनियनचे माणिकराव ठरलेल्या बाकड्यावर. म्हणतात, "धूर नाही, भोंगा नाही, आंगाले ग्रीस लागत नाही, याले काय कारखाना म्हन्ते बे? हा तं शिवणक्लास हाय!" दुसरा कोणी म्हणतो, यांना जागा पाहिजे, दोन वर्षांत प्लॉट पाडून विकतील. तिसरा म्हणतो, सगळं मशीनच करते, माणसं फोटोपुरती ठेवतात. आणि नळावर बायकांचं वेगळंच. "अवं, बसून काम असते म्हन्ते. डोक्यावर पंखा!" तिथे पंख्याचंच जास्त कौतुक. आईने सोळा वर्षं कापसाची धूळ खाल्ली, तिला कोणी पंखा दिला होता?

आता खरी गोष्ट ऐक.

मागच्या महिन्यात कंपनीने मुलींची परीक्षा घेतली. प्रतीक्षाला घेऊन मी गेले. मुलगी वीस वर्षांची झाली तरी तिला एकटीला पाठवायचं माझ्या जिवावर येतं, तिचे बाबा गेल्यापासून जास्तच. परीक्षा म्हणजे एक उभी फळी, तिच्यावर खिळे आणि नकाशा. तांबडी वायर इकडून, पिवळी तिकडून, निळीला वळण देऊन खाली आणायची, आठ मिनिटांत. मुलींच्या वायरी एकमेकींत गुंतत होत्या. शेवटची फळी रिकामी होती. मी मॅडमला म्हटलं, "बसल्या बसल्या मी करून पाहू का?" त्या हसल्या, म्हणाल्या, "करा काकू."

दादा, वीस वर्षं मी ब्लाउज शिवते आहे. दोरा कुठून आत जातो आणि कुठून बाहेर निघतो, हे माझ्या बोटांना डोळ्यांच्या आधी कळतं. साडेसहा मिनिटं! मॅडमने घड्याळ पाहिलं, फळी पाहिली, मग साइटवरचे इंजिनियर प्रज्वल सर यांना हाक मारली. पोरगेलासा आहे, नागपूरकडचा. त्याने विचारलं, "वय काय तुमचं?"

"चव्वेचाळीस."

"आम्ही पस्तीसपर्यंतच घेतो."

मी म्हटलं, "मग पस्तीसवालीकडून साडेसहा मिनिटांत करून घ्या."

माझ्याच तोंडून हे निघालं यावर माझा अजून विश्वास बसत नाही. चार दिवसांनी फोन आला. मला, प्रतीक्षाला नाही! पोरगी त्या संध्याकाळी न जेवताच झोपली. सकाळी चहा देताना म्हणाली, "आई, मी नर्सिंगलाच जाते. तू एकटीच जा कारखान्यात." आणि हसली. त्या दिवशी मी शेगावच्या कचोऱ्या आणल्या, गल्लीत वाटल्या.

बाबांना सांगितलं. ऐकून घेतलं त्यांनी. पहिल्या दिवशी फाटकापर्यंत येता का विचारलं, तर म्हणाले, "मले काम हाय." त्यांना कसलं काम? शहात्तर पूर्ण झाली. बाजारात जायचं तर ते अजून रेल्वे फाटकाकडून लांबून जातात, मिलचा रस्ता धरत नाहीत. 'चावीवाला' हा शब्द तू एकदाच बोललास, दादा. गावाने तो बावीस वर्षं जपून ठेवला.

याच्यावर मला काही लिहायचं होतं. पण नोकरीच्या पत्रात ते नको. पुढच्या वेळी बघू.

नवा निळा कोट घालून आरशात तीनदा पाहिलेली,
तुझी माया

---

खामगाव,
९ मार्च २०२५

प्रिय दादास,

सप्रेम जयभीम. तुझं उत्तर आलं नाही, पण वहिनीने प्रतीक्षाला सांगितलं की पत्र मिळालं आणि तू ते फाडलं नाहीस. मला तेवढं पुरे आहे.

आज रविवार, सुट्टी. (मला रविवारची सुट्टी! शिवणकामात कधी रविवार होता?) जे लिहिते आहे ते बसून वाच. आधी आनंदाचं लिहिते, कारण ते आधी घडलं.

आमचं शिकणं निळ्या शेडमधल्या एका छोट्या खोलीत चालू होतं. साठ बायका-पोरी, संग्रामपूरकडच्या दोघी तर पहाटेच्या एसटीने येतात. बॉयलर-हाउसच्या जागेवरचा मोठा हॉल एप्रिलपर्यंत व्हायचा होता. फेब्रुवारीत एके दिवशी दुपारी सिमेंटचा ट्रक आवारात आला आणि धाडकन त्याचं मागचं चाक जमिनीत गेलं. खाली पोकळी! कोणाला काही लागलं नाही, पण प्रज्वल सरांचा चेहरा पांढरा पडला. जुन्या मिलचा नकाशा कोणाकडेच नाही. जमिनीखाली काय काय आहे सांगणारं माणूस शोधा म्हणाले. कोणीतरी बाबांचं नाव सांगितलं, बॉयलरवर एकतीस वर्षं होते म्हणून. सर घरी आले. बाबांनी त्यांना पाणी दिलं, चहा दिला आणि सांगितलं, "साहेब, मी त्या फाटकात पाय ठेवनार नाही." सरांनी कारण विचारलं, तर बाबा म्हणाले, "कारन तुमच्या जन्माच्या येळचं हाय." सर गेले. मी मध्ये पडले नाही. का पडले नाही ते पुढे लिहिते.

दोन दिवसांनी जेवताना मी प्रतीक्षाला सांगत होते, मोठ्या हॉलमध्ये आमच्या फळ्या कुठे लागणार. "धुराड्याच्या पूर्वेला, भिंतीच्या अंगाने माझी लाइन." बाबांचा घास हातात थांबला.

"धुराड्याच्या पूर्वेले?"

"हो."

"तिथं तू उभी राहनार?"

"मी आणि आणखी चाळीस जणी."

"अवं माये, तिथून तं खालून धुराची वाट हाय! बॉयलरचा धूर जमिनीतून जाये धुराड्यात. मानूस वाकून चालन एवढी वाट. विटांची कमान हाय वरतून, शंभर वर्साची." ताट तसंच राहिलं. त्या रात्री ते झोपले की नाही मला माहीत नाही, पण सकाळी मी कोट घालते तर बाबा धुतलेलं धोतर नेसून, काठी घेऊन ओट्यावर उभे. म्हणाले, "चाल."

दादा, मिलच्या रस्त्याने आम्ही बाप-लेक चालत गेलो. मी काही बोलले नाही, बोलले असते तर ते परत फिरले असते. फाटकाशी ते थांबले. वॉचमनने वहीत नाव विचारलं. "इंद्रभान हिवराळे, बॉयलर," एवढं म्हणून आत गेले, जसे काही कालच पाळी संपवून घरी गेले होते.

मग जे झालं ते तू पाहायला हवं होतंस! त्यांच्या डोक्यावर पिवळी टोपी चढवली. बॉयलर-हाउस नाही, जुनं शेड नाही, तिकडचं सगळं सपाट. खूण म्हणून फक्त धुराडं. बाबा धुराड्याला पाठ लावून उभे राहिले, डोळे मिटले आणि पावलं मोजत निघाले. मागे एक माणूस चुन्याची रेघ मारत. बावीस पावलं सरळ, मग थोडं डावीकडे. मध्येच काठी आपटायचे, कान द्यायचे. "इथं पान्याचा हौद. हा एक नाही, दोन हाय. तुमचा ट्रक दुसऱ्यात गेला." सर टॅबवर काढून घेत होते, बाबा त्यांना रागवत होते, "ते खेळनं ठेवा, आधी इकडे पाहा!"

रेघ हॉलच्या पायाच्या मधोमध गेली. तिथे खणलं. हातभर खाली विटांची कमान लागली आणि खणायची सब्बल टेकवताच एक वीट आत पडली. पडल्याचा आवाज खालच्या पोकळीत लांबवर घुमत गेला, तसे सगळे दोन पावलं मागे सरले. मग काळी, जुन्या धुराची राख वर आली. बाबांनी ती चिमटीत घेतली, वास घेतला. म्हणाले, "माहीच हाय."

सगळ्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. सरांनी बाबांचे हात धरले. कमान भरून घेतल्याशिवाय हॉल उभा राहणार नाही असं तिथेच ठरलं, आणि बाबांनी रोज दोन तास येऊन देखरेख करायची. माझा आनंद पोटात मावत नव्हता.

आता दुसरं.

चहाच्या सुट्टीत मी बाबांना फाटकापर्यंत सोडायला आले. टोपी अजून डोक्यावर होती, द्यायची विसरले होते. रंगरावच्या हॉटेलात गर्दी होती. माणिकराव बाकड्यावरून उठले आणि मोठ्याने म्हणाले, "पाहा बे, चावीवाला परत आला! आता कोनाचं काय विकतो, इंद्रभान?"

लोक हसले. बाबा मान खाली घालून चालायला लागले. बावीस वर्षं ते असेच चालले असतील, आणि मी त्यांच्या सावलीत उभी होते. मी रस्ता ओलांडला. निळा कोट अंगावर, साठ जणी फाटकातून बघत होत्या. मी म्हटलं, "माणिककाका, चावी बाबांनी नाही दिली. मी दिली."

हो दादा. मी दिली.

२००३ चा तो मे महिना. तुमचं फाटकावरचं धरणं चाळीस दिवस चाललं होतं, मालकाला मिल बंद करून मशीन बाहेर नेऊ द्यायच्या नाहीत म्हणून. तू घरी येत नव्हतास, मी फाटकावर डबा आणायची. रेल्वे सायडिंगकडच्या मागच्या गेटची चावी बाबांकडे, कोळसा तिथूनच यायचा. मालकाच्या माणसाने बाबांकडे दोनदा मागितली, बाबांनी दोनदा हाकललं. तिसऱ्यांदा तो बाबा नसताना घरी आला. म्हणाला, "पोरी, उद्या पोलीस येऊन राह्यले. लाठी चालनार, आन् पयल्यांदा तुह्या भावावर चालनार, त्याचं नाव कागदावर हाय. मशीन आज गेल्या तं उद्या भांडन कशाचं?" मी बावीस वर्षांची होते. मला तू डोकं फुटून रस्त्यात पडलेला दिसलास. चावी खुंटीवर बाबांच्या सदऱ्यात होती. मी काढली आणि दिली.

मला वाटलं, मशीन गेल्या की तू घरी येशील.

रात्रीतून मशीन मागच्या गेटने गेल्या आणि दुसऱ्या दिवशी तू चौकात बाबांची कॉलर धरलीस. शंभर माणसांपुढे म्हणालास, "चावीवाला! आजपासून मले बाप नाही." मी गर्दीच्या कडेला उभी होते. तोंड उघडलं होतं मी, दादा, खरंच उघडलं होतं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि नुसती मान हलवली. नंतर घरात म्हणाले, "तुह्यं लगन ठरलं हाय. एक शब्द बोलशीन तं मले मेलेलं पाह्यशीन." तू त्याच रात्रीच्या गाडीने गेलास. आईच्या मयतीला आलास, तेव्हाही बाबांकडे पाठ करून बसलास. मी तेव्हाही गप्प. मग गप्प राहायची सवय झाली. सवयीला मी नाव देत गेले. कधी लग्न, कधी प्रतीक्षा, कधी बाबांची शपथ. खरं नाव भीती.

हे सगळं मी रस्त्यात उभी राहून सांगितलं. माणिककाका खाली बसले. कोणी हसलं नाही. रंगरावने चहाचं पातेलं गॅसवरून उतरवलं. मग माणिककाकाच बाबांना म्हणाले, "इंद्रभान, काऊन नाही सांगितलं रे?" बाबांनी मला तिथून हाताला धरून ओढत नेलं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर ओरडले, "बावीस वर्सं मी सांभाळलं ते काय असं रस्त्यावर सांडासाठी?" दोन दिवस माझ्या हातची भाकर खाल्ली नाही. तिसऱ्या दिवशी खाल्ली. ठेचा तिखट झाला म्हणाले.

कंपनीत कोणी मला वेगळं वागवत नाही. उलट संग्रामपूरकडची एक म्हणाली, "ताई, तुमी आमच्या लाइनच्या पुढारी व्हा." मला रडू आलं. पुढारी तू होतास, मी काय केलं ते तर आत्ताच ऐकलंस.

माफी मागत नाही. ती कुठून मागायची तेच कळत नाही. फक्त एवढं, की जो राग बाबांवर आहे तो आता पत्ता बदलून माझ्याकडे पाठव.

अजून तुझी बहीण असेन तर,
माया

---

चाकण,
३० मार्च २०२५

तीर्थरूप बाबा,

प्रेमानंदचा जयभीम.

तुम्हाला पत्र लिहायला बसलो तर अक्षर वळत नाही. प्रतीक्षाला वाचून दाखवायला सांगा, मायाला नको.

मायाचं पत्र मी कंपनीच्या बसमध्ये वाचलं. माझा स्टॉप गेला, शेवटच्या स्टॉपपर्यंत गेलो, ड्रायव्हर म्हणाला काका उतरा. मग रस्त्याच्या कडेला उभं राहून पुन्हा वाचलं.

पोलीस येणार हे आम्हाला माहीत होतं, बाबा. मार खायची आमची तयारी होती, मीच सगळ्यांना सांगितलं होतं की डोक्याला टॉवेल गुंडाळा. हे मी घरी कधी बोललो नाही. फाटकावर भाषणं केली आणि डबा घेऊन आलेल्या मायाला तसंच परत पाठवलं. मायाला मी काही सांगितलं असतं तर तिने त्या माणसाला दारातून हाकललं असतं. हे आता समजतं.

आणि तुम्ही का बोलला नाहीत तेही समजतं. बोलला असता तर मी तिचं काय केलं असतं? मी तेव्हा पंचविशीचा होतो आणि सगळं गाव माझ्या पाठीशी होतं. त्या वयात त्या ताकदीने माणूस काहीही करतो. तुम्ही मला ओळखून होतात. पोराचा राग आपल्या अंगावर घेतला आणि पोरीला वाचवलं. मी मात्र तुम्हाला ओळखलं नाही. एकतीस वर्षं बॉयलरसमोर उभा राहिलेला माणूस चावी विकेल का, एवढं साधं मला सुचलं नाही.

मायावर मी रागावलेलो आहे. तो राग पत्रात मावणार नाही, आल्यावर बोलेन. पण एक गोष्ट तिला आत्ताच सांगा. तिची नेमणूक कंपनीची आहे की ठेकेदाराची, हे कागदावर पाहा म्हणावं. इथे चाकणला मी हेच भोगलं. चकचकीत फरशी, डोक्यावर पंखा आणि अकरा महिन्यांनी घरी. बायकांनी तिला पुढारी हो म्हटलं असेल तर तिने व्हावं. नुसतं टाळ्या घेऊ नये, पहिल्या दिवसापासून हजेरी आणि पीएफ विचारावा. कारखाना चांगला असू शकतो, वाईट असायची गरज नाही, पण तो आपोआप चांगला राहत नाही. माणिकरावांना शिवणक्लास वाटतो, वाटू द्या. त्यांनाही ते काम मी समजावून सांगतो. मी इथे अशाच वायरींच्या लाइनवर सात वर्षं काढली आहेत.

संघर्षला सांगितलं की त्याचे आजोबा जमिनीखालची वाट डोळे मिटून चालले. त्याला खोटं वाटतं. म्हणतो, मला प्रत्यक्ष पाहायचं आहे. परीक्षा संपली आहे त्याची. त्याने तुम्हाला कधी पाहिलेलं नाही, हा त्याचा दोष नाही.

आम्ही तिघं जयंतीला येतो. बारा एप्रिलच्या रात्री निघून तेराच्या सकाळी शेगावला उतरू, तिथून एसटी. चौकात जे मी शंभर माणसांपुढे बोललो ते चौकात शंभर माणसं गोळा करूनच परत घेणार आहे. तुम्ही नको म्हणाल. तुमचं मी ऐकणार नाही, या बाबतीत मी अजून तसाच आहे.

मी दार वाजवेन तेव्हा मायाला पाठवू नका. तुम्ही उघडा.

तुमचा मुलगा,
प्रेमानंद इंद्रभान हिवराळे